तोरणमाळच्या गोष्टीतले मासे

तोरणमाळला लोक तलाव बघायला जातात, थंडी खायला जातात, नवी लग्नं झालेले फोटो काढायला जातात. मी गेले ती एका माणसाला खोटं पाडायला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना तुम्ही म्हणाल, ही बाई प्रत्येक ठिकाणी नाक का मुरडतेय!

मी नाशिकच्या कोर्टात अनुवादक होते. साक्षीदाराचं बोलणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या कामाचा नियम एकच, पदरचा शब्द घालायचा नाही. साक्षीदार चाचरला तर आपणही चाचरायचं, तो शिवी देईल तर आपणही द्यायची. या कामानं मला एक खोडही लावली. पढवून आणलेला साक्षीदार मला दारातून आत येतानाच कळतो. भाजीवाल्यानं कोथिंबीर जास्त दिली तर मी ती निवडून बघते, आत काय लपवलंय म्हणून. आमचे हे म्हणायचे, "तुला देव भेटला तर आधी त्याचं ओळखपत्र मागशील."

निवृत्तीनंतर मी पुण्यातल्या एका प्रकाशकासाठी इंग्रजीतून मराठीत पुस्तकं करते. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी एक बाड पाठवलं. हालवर नावाचा नॉर्वेचा म्हातारा कवी आणि अनुवादक. वर्षानुवर्षं दर हिवाळ्यात तोरणमाळला येऊन राहिलेला, तिथल्या पावरा आदिवासींची पावरी बोली शिकलेला. तिथल्या एका पाड्यावरची लांबलचक गोष्ट त्यानं पावरीतून थेट आपल्या नॉर्वेजियन भाषेत नेली, आणि मग स्वतःच इंग्रजीत आणली. गोष्ट अशी: दुष्काळात सगळा पाडा डोंगर उतरून निघून जातो आणि बियाणं राखायला एक पोरगी एकटी मागे राहते. बियाणं खायचं नाही आणि मरायचंही नाही.

गोष्ट सुंदर होती. मला सुंदर गोष्टींचा जास्तच संशय येतो.

मधल्या एका पानावर ती पोरगी तलावातले मासे धरते, मुंडकी उडवते, दोन-दोन मासे शेपट्यांशी बांधते आणि लाकडाच्या उंच मांडवावर टांगून नुसत्या वाऱ्यावर वाळवते. मिठाचा कण नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. असं वाळवण नॉर्वेच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर करतात हे मी थोडी शोधाशोध करून काढलं. सातपुड्यात असं कुणी करत असल्याचं काही मला सापडलं नाही. साक्षीदार इथेच फुटला होता.

प्रकाशकांना फोन केला तेव्हा कळलं, तिकडे नॉर्वेतही कुणीतरी हेच लिहिलंय. अशी गोष्ट डोंगरात कुठेच नाही, कवीनं घरी बसून रचली आणि आदिवासींच्या नावावर खपवली. त्याच्या तिकडच्या प्रकाशकानं पुस्तक थांबवलं होतं. कवी गप्प होता. एका शब्दानं उत्तर देत नव्हता. "तुम्ही जाऊन बघा," आमचे प्रकाशक म्हणाले. "खरं असेल तर आपण छापू, आणि तुमचा अहवाल त्याच्या प्रकाशकालाही पाठवू. नसेल तर साभार परत." म्हणजे एका माणसाच्या जन्मभराच्या कामाचा निकाल माझ्या हातात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

लोणखेडा

शहाद्याला उतरून लोणखेड्यात विमलबेनकडे मुक्काम केला. माझ्या मैत्रिणीची ही वहिनी. गुजर घर, मागे केळीची बाग, अंगणात कापसाचे ढीग. घरात त्यांची गुजरी चालते आणि बाहेरच्याशी अहिराणी. माझ्याशी बोलताना त्या मराठीत सुरुवात करत आणि दुसऱ्या वाक्याला घसरत.

जेवायला शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. रश्शावर लाल तवंग. मी बोट दाखवलं.

"तिखट नही शे ताई, खाई ल्या," विमलबेन म्हणाल्या.

पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. या प्रवासातली ही पहिली खोटी साक्ष. पण भाकरी अशी की मी रडत रडत दुसरी मागितली. आमच्याकडे पाहुण्याला तिखट आहे का विचारून मग वाढतात. इथे आधी वाढतात आणि मग गूळ पुढे करतात.

गोऱ्या कवीबद्दल विचारलं. "तो डोकरा? दरसाल येस. आमना बागनी केळी लेस. सालसुद्धा फेकस नही, बकरीले देस." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण ताई, इतला वरीसपासून येस, ते काही कारण व्हईच ना?"

म्हणजे संशय मला एकटीलाच नव्हता. मला बरं वाटलं. सकाळी निघायच्या घाईत माझी शाल त्यांच्या खुर्चीवर राहिली, ते मात्र घाटात कळलं.

घाट

जीपचा ड्रायव्हर भटू. म्हसावद मागे पडलं, ऊस आणि केळी संपली, राणीपूरनंतर डोंगर अंगावर आले. भटूचं तोंड गाडीपेक्षा जोरात चालत होतं.

"त्या गोराले सोनं सापडेल शे," तो म्हणाला. "नहीते मुळी-बिळी. रोज तलावना काठे बसस. मानूस चांगला शे, पण कसाले बसस?"

"तू विचारलंस का कधी?"

"इचारं ना. म्हने, गोष्ट ऐकाले येस." भटू एवढा हसला की मी स्टिअरिंगकडे बघायला लागले. "गोष्ट ऐकाले कोन इतला दूर येस, ताई? टीव्ही नही का त्याना घरमा?"

सात पायऱ्यांचा घाट लागला तसा गारठा वाढला. मी पिशवीत हात घातला आणि शाल नाही! वळणावर गाडी थांबवून भटूनं इंजिनात पाणी ओतलं, आणि मी दरीकडे पाठ करून कुडकुडत उभी राहिले. लोक म्हणतात तिथून फार सुंदर दिसतं.

तोरणमाळ

माझा दुभाषा मी स्वतः ठरवला होता. कवीनं दिलेला दुभाषा कोण घेणार! आश्रमशाळेतल्या शिक्षिका सुमित्रा, त्याच डोंगरातल्या पावरा. ओळखीतून फोनवर बोलणं झालं होतं. त्या गाडीपाशी आल्या आणि त्यांच्या मागे हालवर उभा. उंच, पाठीत वाकलेला, कान लाल, डोक्यावरचे केस वाऱ्यानं उभे. हात जोडून नमस्कार केला. मला थरथरताना बघून अंगातला जाड लोकरी स्वेटर काढून पुढे केला.

"नको," मी म्हटलं. ज्याची चौकशी करायची त्याचा चहासुद्धा घ्यायचा नसतो, स्वेटर तर दूरच.

त्यानं मुकाट्यानं स्वेटर घडी करून हातावर टाकला. माझे दात वाजत होते ते त्यालाही ऐकू येत असणार.

तलावाच्या काठी बसून मी त्याची उलटतपासणी घेतली. इंग्रजी तो सावकाश बोलायचा, शब्द पारखून घेतल्यासारखं. जन्म उत्तरेच्या एका बेटावरचा. वडील मासेमारीच्या बोटीवर, आई किनाऱ्यावर माशांच्या कामाला. कवितेची तीन पातळ पुस्तकं. "ती माझ्या बहिणीनं विकत घेतली," तो म्हणाला. पोट भरलं ते अनुवादावर, आणि तोही बोटीच्या इंजिनांच्या माहितीपत्रकांचा. कवितेवर घर चालत नाही ही गोष्ट नाशिकपासून नॉर्वेपर्यंत सारखीच, म्हणून तेवढ्यापुरती मला आपुलकी वाटली. तरुणपणी भटकत इथं आला, तापानं पडला आणि पाड्यावरच्या ठाणसिंग नावाच्या माणसाच्या घरच्यांनी त्याला उचलून नेलं. ठाणसिंग गोष्टी सांगायचा, बाडातली गोष्टही त्याचीच, पण तेव्हा याला एक शब्द कळायचा नाही. तरी आवाज ऐकत पडून राहिला. दुसऱ्या हिवाळ्यात परत आला, आता कळावं म्हणून.

"माशांचा भाग गोष्टीतला की तुमचा?" मी मध्येच विचारलं. बेसावध असताना विचारायचं, ही जुनी रीत.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "ते ठाणसिंगला विचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

"मला सांगता येणार नाही."

"येणार नाही की सांगायचं नाही?"

"सांगता येणार नाही," तो पुन्हा म्हणाला, अजिबात न चिडता. माझा अनुभव असा की निर्दोष माणूस निदान एकदा तरी चिडतो. मी मनात निकाल लिहून टाकला.

मग अट घातली. उद्या ठाणसिंग गोष्ट सांगेल तेव्हा तुम्ही पाड्यावर थांबायचं नाही. त्याच्याशी आधी बोलायचंही नाही. "बरं," तो म्हणाला. लगेच कबूल झाला याचाही मला संशय आला.

ठाणसिंगचं अंगण

ठाणसिंग म्हणजे नम्र, गरीब म्हातारा असेल अशी माझी समजूत होती. माणूस कसला, संस्थानिक! मिशांना तेल लावलेलं, डोक्याला नवा रुमाल, अंगणाच्या मध्यावर खाट, आणि मला बसायला खालचा पाट. आधी जेवण. उडदाची डाळ, ज्वारीची भाकरी, वरून लसूण-मिरचीचा ठेचा. मी घास घेते का नाही हे तो डोळे बारीक करून बघत होता. चौकशीला आलेली माणसं पाड्यावर कुणालाच आवडत नाहीत. मी जंगलखात्याची आहे अशी बातमी माझ्याआधी पोचली होती.

"विचारतात, तू कुठल्या खात्याची," सुमित्रा म्हणाल्या. मग ओशाळून, "मॅडम, पावरीत सगळ्यांना तूच असतं."

"कुठल्याच नाही. गोष्ट ऐकायला आलेय."

भटूसारखा तोही हसला. पण गोष्ट सांगायला नाही म्हणणं त्याच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. उन्हं कलली आणि त्यानं घसा साफ केला. सुमित्रा माझ्या कानाशी हळू आवाजात मराठी करत होत्या, मी पेन सरसावून बसले होते. दुष्काळ आला, पाडा निघाला, पोरगी मागे राहिली. आणि ठाणसिंग थांबला.

मी वाट बघितली. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

"हूं कोण देणार, विचारतात," सुमित्रा म्हणाल्या.

"तुम्ही द्या की."

"मी सांगणाऱ्याच्या बाजूला आहे, तुम्हाला त्याचं बोलणं पोचवतेय. जो ऐकायला आलाय त्यानं हूं द्यायचा असतो. नाहीतर गोष्ट पुढे जात नाही."

आमच्याकडेही लहानपणी गोष्टीला 'हूं' म्हणायचे, आजोबा पोरं झोपली का ते त्यावरून ओळखायचे. मी नाइलाजानं "हूं" म्हटलं. गोष्ट चार पावलं चालली आणि पुन्हा अडली.

"नुसता हूं नको, म्हणतात. झोपलेला माणूसही तेवढं म्हणतो. मध्ये काहीतरी विचारा."

हे माझ्या नियमात बसत नव्हतं. मी काही बोलले की साक्ष बाटली. पण पर्याय नव्हता. विचारत राहिले, पोरगी झोपायची कुठं, भ्यायची का. आणि मग ते आलं. तलावातले मासे, उडवलेली मुंडकी, शेपट्यांची गाठ, लाकडाचा उंच मांडव, नुसता वारा. ठाणसिंग बोटांनी हवेत गाठ मारून दाखवत होता. कवी जवळपास नव्हता. भटूच्या गाडीतून तो सकाळीच शहाद्याला गेलेला मी स्वतः बघितला होता.

"असे मासे इथं कोण वाळवतं?" मी जवळजवळ ओरडले.

ठाणसिंगनं मांडीवर थाप मारली. एवढा खूश झाला की सुमित्रांना त्याच्या बोलण्याचा वेग झेपेना. "इथं कुणीच नाही! ते हालूदादानं घातलं."

हालूदादा म्हणजे हालवर. मी पेन घट्ट धरलं. कबुलीजबाब! "म्हणजे गोष्टीत मुळात मासे नव्हते?"

"मुळात म्हणजे?" त्याला प्रश्न कळला नाही. मग समजुतीच्या सुरात तो सांगू लागला. पोरगी अडचणीत आली की सांगणारा थांबतो आणि हूं देणाऱ्याला विचारतो, आता ती काय करेल? त्यानं दिलेलं उत्तर सांगणाऱ्याला पटलं तर ते गोष्टीत जातं आणि मग निघत नाही. पोरगी साळिंदराशी बोलते ते त्याच्या चुलत्यानं घातलं. तिला स्वप्नात आगगाडी दिसते ती सुरतेला कामाला गेलेल्या एका सुनेनं घातली. "त्या हिवाळ्यात हालूदादाची आई मेली होती. आला आणि नुसता बसून राहायचा. जेवायचा नाही. मी गोष्ट लावली. पोरगी उपाशी, बियाणं समोर. मी विचारलं, हालू, आता काय करेल ती? मग म्हणाला, मासे वाळवेल. आणि हातानं दाखवलं, त्याची आई शेपट्या कशा बांधायची."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. ही गोष्ट फारच सुंदर होती, आणि सुंदर गोष्टींचं माझं मत तुम्हाला माहीत आहे.

"मग हे त्यानं आपल्या लोकांना का नाही सांगितलं? त्याला तिकडे खोटारडा म्हणताहेत."

ठाणसिंगचा चेहरा एकदम गंभीर झाला. सुमित्रांनी त्याचं बोलणं मराठीत आणलं. "ज्यानं घातलं त्यानं ते स्वतः सांगायचं नसतं, मॅडम. दुसऱ्यानं सांगितलं तर चालतं. स्वतःच्या तोंडानं सांगितलं की ते त्याचं होतं, गोष्टीचं राहत नाही. मग सांगणाऱ्याला ते काढून टाकावं लागतं."

म्हणजे तो माणूस एक वाक्य बोलून सुटला असता. पण मग त्याच्या आईचे मासे ठाणसिंगच्या गोष्टीतून गेले असते.

ठाणसिंगला माझ्या विचारांशी देणंघेणं नव्हतं, त्याची गोष्ट अर्धी राहिली होती. पुढे बियाण्याला कीड लागते. तो थांबला आणि माझ्याकडे बोट केलं. "आता काय करेल ती?"

"मला माहीत नाही."

"हे चालत नाही, म्हणतात."

सगळी नोकरी मी पदरचा शब्द न घालता काढली. शपथेवर काढली. हे मी सुमित्रांना सांगितलं, त्यांनी त्याला सांगितलं. तो नुसता वाट बघत राहिला. हूं देणाऱ्याचा तिथे केवढा अधिकार असतो ते मला त्या शांततेत कळलं. आणि मग मी काहीतरी बोलले. कुठून आलं कोण जाणे. सुमित्रांनी ते पावरीत नेण्याआधी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. ठाणसिंगनं मिशीवरून हात फिरवला, मान डोलावली आणि पुढे सांगायला लागला.

परत आले तेव्हा हालवर शहाद्याहून येऊन तलावाच्या काठी बसला होता. मी शेजारी बसले.

"तुमच्या आईचे मासे," मी म्हटलं.

"मी काही सांगितलेलं नाही," तो घाबरून म्हणाला.

"नाही. मी तुम्हाला सांगतेय."

त्यानं चेहरा दुसरीकडे केला. त्याचे खांदे हलत होते. काय करावं मला सुचेना, म्हणून मी तो स्वेटर मागितला. जड होता, कोपरांवर रफू केलेला. "हा आईनं विणलाय," तो म्हणाला. हे सांगायला त्याला बंदी नव्हती.

उतरताना

तरी मी मीच. दोघांनी मिळून आधीच ठरवलं नसेल कशावरून? सुमित्रा तरी त्यांच्यातल्याच ना? घाट उतरून काळापाणीच्या वळणावर एक बाई बोरांची टोपली घेऊन बसली होती. कवीचं नाव तिनं ऐकलं नव्हतं, आणि मला तर तिनं कधीच बघितलं नव्हतं. भटूच्या मदतीनं मी विचारलं, बियाणं राखणाऱ्या पोरीची गोष्ट माहीत आहे का?

ती हसली. कुणाला माहीत नाही!

"ती मासे कुठे वाळवते?"

मासे? तिनं भटूकडे बघितलं, ही बाई शहाणी आहे ना म्हणून. त्यांच्या पाड्यातली पोरगी मासेबिसे वाळवत नाही. आंब्याच्या फोडी कातळावर वाळवते, आमचूर करते.

"ते कुणी घातलं?"

"मन्ही मावशीनी, म्हनस ती," भटूनं सांगितलं. "पन मावशीले इचारशात ते सांगाव नही. तीच सांगस, मावशी नही सांगस."

म्हणजे नियम इथेही तोच, घालणाऱ्यानं स्वतः सांगायचं नाही. मी बोरं घेतली आणि जीपमध्ये बसले. स्वतंत्र साक्षीदार, न पढवलेला, आणि कुठल्याही प्रश्नाला न डगमगलेला. भटू विचारत होता, सोनं सापडनं का? मी हो म्हटलं आणि त्याला दिवसभर छळलं.

लोणखेड्यात शाल परत मिळाली, शेवभाजी पुन्हा मिळाली, आणि "आज नही शे तिखट" ही साक्षही पुन्हा मिळाली.

घरी आल्यावर अहवाल लिहिला. गोष्ट अस्सल आहे, मासे गोष्टीतले आहेत, ते तिथे कसे आले, आणि कवी गप्प का राहिला. ज्याला सांगता येत नव्हतं त्याच्या वतीनं मी सगळं सांगितलं. त्याच्या प्रकाशकाचं उत्तर आलं, पुस्तक पुन्हा निघतंय. मग मी मराठी अनुवादाला बसले. ठाणसिंग आज जशी सांगतो तशी गोष्ट करायची, असं मी प्रकाशकांना आधीच कळवलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. बियाण्याला कीड लागते तिथल्या एका ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

"ही ओळ इंग्रजीत नाही," ते म्हणाले. "तुम्ही तर पदरचं काही घालत नाही. ही कुणाची?"

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचून बघितली. पलीकडे त्यांना माझा संशय यायला लागलाय हे मला ऐकू येत होतं.

"ते ठाणसिंगला विचारा," मी म्हटलं.